जमाखर्चात न दिसणारा भागीदार

ज्याने बँकेत नोकरी केली आहे त्याला एप्रिल महिना कॅलेंडर न पाहताही ओळखता येतो. मार्चअखेरची जागरणे नुकतीच संपलेली असतात, ताळेबंद कसाबसा जुळलेला असतो आणि एका सकाळी शाखेच्या दारात गाडी येऊन थांबते. पुढच्या दाराने ऑडिटर साहेब उतरतात. मागच्या दाराने दोन-तीन पोरसवदा मुले उतरतात. साहेबांसाठी मॅनेजरच्या केबिनमधली खुर्ची झटकून ठेवलेली असते. मुलांसाठी मागे, रेकॉर्ड रूमच्या तोंडाशी, एक टेबल आणि डगमगणारे बाक. साहेब चहा घेतात, दोन गोष्टी विचारतात आणि दुपारी दुसऱ्या शाखेकडे रवाना होतात. मुले राहतात. ती जाडजूड खतावण्या उघडतात आणि हिरव्या शाईने खुणा करू लागतात.

ही मुले म्हणजे आर्टिकल्स. सीए होण्यासाठी एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी करणारी. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत अशी किती मुले त्या डगमगणाऱ्या बाकावर बसून गेली याची गणती नाही. लक्षात राहिला तो एक.

साल १९९६. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कर्ज विभागाचा अधिकारी होतो. नरसिंहम समितीचा १९९१ चा अहवाल येऊन गेला होता आणि १९९२-९३ पासून बँकांना थकलेल्या कर्जावरचे व्याज उत्पन्न म्हणून दाखवायला मनाई झाली होती. मार्च १९९५ पासून तर दोन तिमाही थकबाकी झाली की खाते अनुत्पादक ठरू लागले होते. आमच्याकडे ऊसवाहतुकीच्या एका ट्रकचे कर्ज होते. हप्ते थकलेले होते, पण ३० मार्चला त्यात घसघशीत भरणा झाला आणि खाते नियमित झाले. वीस-एकवीस वर्षांचा तो मुलगा त्या नोंदीपाशी थांबला. उठला, कपाटातून दुसरी खतावणी काढून आणली. त्याच ३० तारखेला, तेवढ्याच रकमेचे, ट्रकमालकाच्या भावाला नवे कर्ज दिलेले होते. बँकेच्या भाषेत याला ‘नवे-जुने’ म्हणतात. कर्जाच्या कागदावर सही माझी होती.

तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, साहेबांना सांगण्याआधी तुम्हाला विचारतो. हे पैसे आले कुठून?”

मी त्याच्यासाठी दुसरा चहा मागवला. त्याने तो प्यायला, आभार मानले आणि आपली टीप लिहिली. उत्पन्नात धरलेले एक लाखावर व्याज उलटे फिरवावे लागले. मला मेमो मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता.

ऑडिट संपले त्या दिवशी जेवताना मी त्याला सहज विचारले, “महिन्याला मिळतात किती?” त्याने आकडा सांगितला. पाचशेसुद्धा नव्हते. “बसचे आणि मेसचे वडील पाठवतात,” तो म्हणाला. बँकेचा लाखाचा फुगवटा शोधणाऱ्या माणसाच्या जेवणाचे पैसे त्याच्या वडिलांच्या खिशातून जात होते. हिशेब तपासणाऱ्यांचा स्वतःचा हिशेब मी तेव्हापासून मनात मांडत आलो आहे.

तो समजून घ्यायचा तर हा धंदा कशावर चालतो ते पाहावे लागते. साखर कारखान्याला ऊस लागतो, गिरणीला कापूस लागतो. हिशेब तपासणाऱ्या कार्यालयात कच्चा माल नाही. तिथे विकले जातात ते माणसांचे तास. त्यामुळे खर्चाचे सर्वांत मोठे कलम म्हणजे माणसांचा मोबदला. त्याची उतरंड असते. वर भागीदार, मधे पगारी सीए आणि अनुभवी कारकून, तळाशी आर्टिकल. वरच्यांना नफ्यातला वाटा मिळतो, मधल्यांना पगार. तळाच्याला मिळते ते विद्यावेतन, म्हणजे स्टायपेंड. पगार आणि विद्यावेतन यांत फरक आहे. पगार कामाचा असतो. विद्यावेतन देताना असे धरलेले असते की मोबदल्याचा मोठा भाग शिक्षणाच्या रूपाने दिला जातो आहे, पैसे फक्त वरखर्चाला.

ही रीत विलायतेतून आली. तिथे तर उलटाच मामला होता. मुलाला हिशेबनिसाच्या हाताखाली घालायचे तर बापालाच त्या हिशेबनिसाला प्रीमियम म्हणून गिनीज मोजाव्या लागत आणि मुलगा वर्षानुवर्षे जवळजवळ फुकट राबे. आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासणीला शिस्त आणली. १९१८ साली मुंबईत लेखाशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली आणि तिच्यासाठीही तीन वर्षांची उमेदवारी सांगितलेली होती. स्वतंत्र भारतात १९४९ चा कायदा झाला आणि त्या वर्षी १ जुलैला सनदी लेखापालांची संस्था उभी राहिली. प्रीमियम इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी स्टायपेंड आला. पैशाची दिशा बदलली, ही मोठीच सुधारणा. पण मुलाच्या पोटाचा खर्च घराने उचलायचा, हे त्या जुन्या रीतीतले गृहीत मात्र तसेच राहिले.

त्या गृहीताशी माझी गाठ १९८१ साली पडली. मी बी. कॉम. पहिल्या वर्गात पास झालो होतो. सीए व्हायचे हे मनात पक्के होते. कोल्हापुरातल्या एका कार्यालयात जाऊन भेटून आलो. तिथले गृहस्थ सज्जन होते. पहिल्या वर्षी महिना शंभराच्या आत मिळतील, म्हणाले. त्याच सुमारास बँकेच्या कारकुनाच्या परीक्षेचा निकाल लागला. पगार सहाशेच्या घरात. वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते आणि माझ्या पाठी दोन बहिणी होत्या. रात्री जेवणे झाल्यावर वडिलांनी पाटीवर दोन आकडे लिहिले, एकाखाली एक, आणि पाटी माझ्याकडे सरकवली. बोलले काहीच नाहीत. मी बँकेत रुजू झालो.

वडील चुकले असे मला आजही वाटत नाही. बहिणींची शिक्षणे त्या सहाशेतून झाली. पण सीए कोण होऊ शकतो याचा निकाल परीक्षेच्या आधी, घरातल्या पाटीवर लागतो, हे मला त्या रात्री कळले.

पुढे बँकेच्या काउंटरवर बसून मी या विद्यावेतनाची दुसरी बाजू पाहिली. १९८८ च्या नियमावलीतल्या ४८ व्या नियमाने किमान विद्यावेतन ठरवून दिले. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे दर वेगळे, वर्षागणिक चढते. ते रोखीने द्यायचे नाही. दरमहा रेखांकित चेकने द्यायचे किंवा मुलाच्या स्वतःच्या नावच्या बँक खात्यात भरायचे. या नियमामुळे आमच्याकडे आर्टिकल्सची खाती उघडली जात. बहुतेकांत महिन्याच्या महिन्याला रक्कम जमा होई आणि हळूहळू खर्च होई. काही थोडी खाती मात्र अशी होती की चेक जमा झाला की त्याच दिवशी तेवढीच रक्कम काढली जाई. महिन्यामागून महिने, रुपयाचाही फरक नाही. एकदा मी एका मुलाला न राहवून विचारले, “एवढे सगळे एकदम काढून करतोस काय?” त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “परत द्यायचे असतात, सर.” कुणाला, हे मी विचारले नाही. टोकन घेतले, पैसे दिले. माझ्या नोकरीतल्या ज्या काही गप्प बसण्यांची मला लाज वाटते, त्यातले हे एक.

सगळी कार्यालये अशी नव्हती. नियमापेक्षा जास्त देणारी, मुलांच्या परीक्षेची फी भरणारी, त्यांना हाताला धरून शिकवणारी माणसेही मी पाहिली. पण किमान दर वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत आणि महागाई थांबत नाही, तेव्हा चांगल्या माणसाचा चांगुलपणाही तोकडा पडतो. वीस लाखांवरच्या शहरात पहिल्या वर्षी महिना १,००० रुपये हा दर बराच काळ चालला. २०२० साली तो दुप्पट झाला. मोठ्या शहरांत तीन वर्षांसाठी अनुक्रमे २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये. चार लाखांखालच्या गावांत १,०००, १,५०० आणि २,०००.

हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण २०२१ साली ते मी एका घरात बसून मांडले होते. आमच्या शाखेतले दफ्तरी निवृत्त होऊन कराडला स्थायिक झाले होते. त्यांची मुलगी सीएची इंटरमीजिएट पास झाली. आता आर्टिकलशिप पुण्यात करायची की कराडात, हा प्रश्न होता. मी बँकेतला माणूस, शिवाय चार कादंबऱ्या लिहिलेला, म्हणजे शहाणा असणार, या समजुतीने त्यांनी मला बोलावले.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी हिशेब मांडला. पुण्यात तीन वर्षांचे विद्यावेतन मिळून ९० हजार. कॉट बेसिसवर राहणे आणि मेस मिळून महिना ९ हजार, म्हणजे तीन वर्षांचे ३ लाख २४ हजार. घरातून घालायचे २ लाख ३४ हजार. त्यात क्लास, पुस्तके, परीक्षेची फी धरलेली नाही. कराडात तीन वर्षांत मिळणार ५४ हजारच, पण राहणे-जेवण घरचे. आकडे स्पष्ट होते. मी म्हणालो, “कराडातच करू दे. काम सगळीकडे सारखेच.”

मुलगी काही बोलली नाही. दफ्तरी माझ्याकडे पाहात होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई म्हणाली, “साहेब, तिकडं गेली तर शिकंल. हितं ऱ्हायली तर दिवाळीपतुर तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हतील. मला ठाऊक हाय, मीच करीन.”

माझ्या हातातले पेन थांबले. वडिलांची पाटी आठवली.

दफ्तरींनी हळूच विचारले, “ग्रॅच्युइटीची एफडी हाय. मोडू का?” निदान इथे तरी मी उपयोगी पडलो. मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज कापले जाते. त्यापेक्षा तिच्यावर कर्ज घ्या, लागेल तसे उचला, ठेव चालू राहते. तसेच केले. मुलगी पुण्याला गेली.

परतताना एसटीत मी विचार करत होतो. एखाद्या धंद्यात तीन वर्षे दरमहा पैसे घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? भागीदार म्हणतो. माणसांच्या तासांवर चालणाऱ्या एका कार्यालयातल्या एका माणसाचे तास चालू राहावेत म्हणून आमचे दफ्तरी दरमहा सरासरी साडेसहा हजार घालणार होते. त्या कार्यालयाच्या नफा-तोटा पत्रकात पगाराचे कलम होते, भाड्याचे होते, चहापाण्याचेही असणार. दफ्तरींचे साडेसहा हजार मात्र कुठेच नव्हते. लोकांच्या वह्यांतले लपलेले खर्च शोधून काढणे हेच ज्यांचे काम, त्यांच्या वहीत हा खर्च लिहायला रकानाच नाही.

पण कुठल्याही खात्याच्या दोन बाजू पाहायच्या असतात. छोट्या गावातल्या सीएचीही बाजू आहे. त्याला कायद्याने जाहिरात करता येत नाही, गिऱ्हाइकाच्या नफ्यावर टक्केवारी घेता येत नाही. सरकारी बँकेच्या शाखेचे ऑडिट मिळाले तर त्याची फी शाखेच्या कर्जाच्या आकारमानावरून रिझर्व्ह बँकेच्या दराने ठरते, तिथे घासाघीस नाही. उरलेली गिऱ्हाइके म्हणजे किराणा दुकान, पोल्ट्री, बिल्डर, पतसंस्था. १९८४ साली कर-लेखापरीक्षण कायद्यात आले, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कामाचा डोंगर झाला. पण जीएसटीच्या विवरणाचे पैसे देताना दुकानदार म्हणतो, “चार बटणे दाबायची तर एवढे कशाला?” गिऱ्हाईक फी वाढवू देत नाही, भाडे आणि सॉफ्टवेअर स्वस्त होत नाही, पगारी माणूस टिकत नाही. मग काटकसर कुठे होणार? जो तक्रार करू शकत नाही त्याच्या कलमात.

पगारी माणूस टिकत नाही याचे कारण अलीकडे फार दूरचे झाले आहे. अमेरिकेत २०२० नंतरच्या दोनेक वर्षांत तीन लाखांहून जास्त हिशेबनीस आणि ऑडिटरांनी आपल्या नोकऱ्या सोडल्या. तिथे या परवान्यासाठी पाचव्या वर्षाचे शिक्षण घ्यायचे आणि सुरुवातीचा पगार मात्र वित्त किंवा संगणक क्षेत्रातल्या मित्रापेक्षा कमी, तेव्हा नवी मुले या वाटेला येईनाशी झाली. त्यांची कामे समुद्र ओलांडून पुणे, हैदराबाद, बंगळूर, गुरगावकडे आली. अमेरिकेतल्या विवरणांची मुदत १५ एप्रिलला संपते. आमच्या शाखांत ऑडिटची धांदल चालते त्याच दिवसांत पुण्यातली मुले रात्री जागून ओहायोतल्या दंतवैद्याचे विवरण तपासत असतात. तिथल्या कंपनीला हा खर्च स्वस्त वाटतो आणि इथल्या मुलाला तो पगार भरघोस वाटतो. मधल्या मधे कराड-साताऱ्याच्या कार्यालयातला चार वर्षे शिकवून तयार केलेला कारकून निघून जातो.

म्हणजे उतरंडीच्या मधल्या पायरीचा भाव चढला, वरचीचा चढला. संस्थेमार्फत भरती होणाऱ्या नव्या सीएंचा सरासरी वार्षिक पगार २०२४ च्या सुमारास बारा लाखांच्या आसपास सांगितला जात होता. तळाची पायरी त्या मानाने होती तिथेच. त्यात संगणकाने जुनी शिकवणीही बदलली. बेरजा, पडताळणी, व्हाउचर ताडून पाहणे ही कामे मुले वर्षभर करत आणि करता करता त्यांना वहीचा वास येऊ लागे. तो ट्रकचा मुलगा दोन खतावण्या शेजारी ठेवूनच नवे-जुने पकडू शकला. आता बेरीज यंत्र करते. मुलाला थेट विचार करण्याचे काम द्यावे लागते आणि ते शिकवायला कुणाला तरी वेळ काढावा लागतो. २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. घरांचा भार एका वर्षाने हलका झाला हे चांगलेच झाले. पण मोबदल्याचा मोठा भाग शिक्षणाच्या रूपाने देतो असे म्हणणाऱ्याने, आता दोनच वर्षांत तो भाग चुकता करायचा आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे.

दफ्तरींच्या मुलीने २०२४ मध्ये आर्टिकलशिप संपवली आणि त्याच वर्षी फायनल पास झाली. पुण्यात नोकरी मिळत होती. तिने ती घेतली नाही. कराडात एसटी स्टँडजवळ एका माडीवर खोली भाड्याने घेऊन पाटी लावली. परवा तिचा फोन आला.

“काका, माझ्याकडे पहिला आर्टिकल येतोय. उंब्रजच्या पलीकडच्या गावातला आहे. वडील दुसऱ्याच्या शेतावर जातात. किती देऊ?”

“तू किती धरलेस?”

“नियमाइतके तर द्यायचेच. त्यावर एसटीचा पास आणि दुपारचं जेवण धरलंय. पण मग पहिले सहा महिने मला स्वतःला काही उरत नाही. बाबांचं एफडीवरचं कर्जही अजून फिटायचंय.”

पूर्वीचा मी असतो तर कॅलेंडरची पाठ शोधली असती. मी विचारले, “मुलगा कसा आहे?”

“प्रश्न फार विचारतो.”

“मग घे.”

ती हसली. मग म्हणाली, “पास आणि जेवण कुठल्या खात्यात टाकू? किरकोळ खर्चात?”

“कर्मचारी कल्याणात टाक,” मी म्हणालो. “सगळे तिथेच टाकतात.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नको काका. स्टायपेंडमध्येच दाखवते. एक मुलगा ठेवायला खरोखर किती लागतात, ते दिसू दे.”

त्या दिवशी वीस तारीख होती. जीएसटीची विवरणे भरायची होती, म्हणून तिने फोन ठेवला.